‘नाही’ची यादी

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्याचा सराव डोळे मिटूनही ओळखू येतो. दर मिनिटाला शिट्टी, शिट्टीमागून आरडाओरडा, हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा टणत्कार. लोखंडी चौकटीवर गाद्या बसवलेली घसरगाडी असते, तिला पाच-सात धिप्पाड मुलं एकदम खांदा लावून धडकली की जमिनीतून दणका जाणवतो. मिनेसोटा राज्यात कॉलेजव्हिल इथं बेनेडिक्टाइन मठानं चालवलेलं सेंट जॉन्स नावाचं छोटं विद्यापीठ आहे. पाइनच्या झाडीत लपलेल्या त्याच्या मैदानावर जॉन गलार्डी यांच्या काळात यातलं जवळजवळ काहीच ऐकू यायचं नाही. शिट्टी नव्हती. घसरगाडी नव्हती. सरावात कुणी कुणाला पाडत नव्हतं. आणि तरीही अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त सामने जिंकलेला प्रशिक्षक हाच माणूस आहे. ६४ हंगाम, ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी.

कोल्हापुरात किंवा मडगावात फुटबॉल म्हटल्यावर जो खेळ डोळ्यांसमोर येतो, तो हा नव्हे. इथं चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून जमिनीवर आणलं की तो प्रयत्न संपला. या धरून पाडण्याला टॅकल म्हणतात. खेळाचा सगळा जीव या धडकेत आहे, असं बघणाऱ्याला वाटतं आणि बहुतेक प्रशिक्षकांनाही वाटतं. म्हणून आठवडाभर धडकेचा सराव आणि शनिवारी खरी धडक, ही या खेळाची शंभर वर्षांची रीत.

गलार्डींनी ती मोडली, पण बंड करायचं म्हणून नाही. त्यांच्या डोक्यावर ती रीत शिकवायला कुणी राहिलंच नव्हतं. १९४३ साली कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड या कोळशाच्या खाणींच्या गावात तो सोळा वर्षांचा पोरगा होता, इटलीहून आलेल्या कुटुंबातला. तिथल्या कॅथलिक शाळेच्या संघाचा प्रशिक्षक महायुद्धासाठी लष्करात गेला. शाळा फुटबॉल बंद करण्याच्या बेतात होती. या पोरानं सांगितलं, मी चालवतो. मैदानावर मोठं माणूस नसताना आपल्याच वर्गातल्या मुलांचा संघ चालवायचा, तर प्रत्येक गोष्टीला त्यांचा प्रश्न येणारच: हे कशाला? मांड्या मोडेस्तोवर बदकासारखं बसून चालायचं, ते कशाला? मैदानाला फेऱ्या कशाला? तहान लागली तरी सरावात पाणी प्यायचं नाही, ते का? त्या काळी सरावात पाणी प्याल्यानं अपाय होतो, माणूस नरम पडतो, अशी सार्वत्रिक समजूत होती. ज्याचं उत्तर देता आलं नाही, ते त्यानं काढून टाकलं. पुढची सत्तर वर्षं याच प्रश्नावर चालली.

मग कोलोरॅडो कॉलेजात स्वतः शिकता शिकता आणखी एका शाळेचा संघ. १९४९ला पदवी मिळाल्या मिळाल्या मोंटाना राज्यातल्या हेलेना शहरी कॅरल कॉलेजची नोकरी. चार हंगामांत २४ विजय, ६ पराभव. १९५३ला सेंट जॉन्सनं बोलावलं. आधीचे प्रशिक्षक होते जॉनी ‘ब्लड’ मॅकनॅली, व्यावसायिक फुटबॉलमधलं बडं नाव. छोट्या कॉलेजात एका पगारात एकच काम नसतं, म्हणून गलार्डींकडे आइस हॉकीचा संघही आला. कोलोरॅडोच्या खाणगावातल्या माणसाला बर्फावरचा खेळ ठाऊक असायचं कारण नव्हतं, तरी त्यांनी तो निभावून नेला. फुटबॉलमध्ये पहिल्याच वर्षी परिषदेचं, म्हणजे एकमेकांशी दरवर्षी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचं, अजिंक्यपद वाटून मिळालं. त्यानंतरचं थेट १९६२ला. हे मधलं अंतर त्यांच्यावर लिहिणारे पटकन ओलांडून जातात, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. नवा माणूस, विचित्र पद्धत आणि आठ वर्षं अजिंक्यपद नाही; अशा वेळी मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षी नारळ मिळतो. मठाच्या कॉलेजनं त्यांना राहू दिलं. १९६३ला राष्ट्रीय अजिंक्यपद आलं. अंतिम सामन्यात समोर टेक्सासचं प्रेअरी व्ह्यू होतं, पुढं व्यावसायिक लीग गाजवलेला ओटिस टेलर त्यांच्याकडून खेळत होता. सेंट जॉन्स ३३-२७ असं जिंकलं. १९६५ला पुन्हा, मग १९७६ला आणि शेवटचं २००३ला.

आता ती यादी. तिला ते ‘नाहीं’नी जिंकणं म्हणायचे, आणि ती वर्षागणिक वाढत गेली. शिट्टी नाही. घसरगाडी नाही, टॅकलचा पुतळा नाही. फेऱ्या नाहीत, कवायती नाहीत. सक्तीचं वजन उचलणं नाही. दिवसातून दोनदा सराव नाही, आणि जो एकदा, तोही ९० मिनिटांच्या वर नाही. मुसळधार पावसात सराव नाही, कडक उन्हात नाही, डास फार झाले तर नाही. मिनेसोटात ऑगस्ट-सप्टेंबरात डासांचं हे कारण अजिबात नाटकी नाही. खेळाडूंना वेगळं जेवण नाही, सगळ्या विद्यार्थ्यांबरोबरच जेवायचं. नव्या मुलांची रॅगिंग नाही. संघातून कुणाला काढणं नाही. आणि मला कोच म्हणायचं नाही.

यादी वाचताना गंमत वाटते, आणि बहुतेक लेख त्या गमतीवरच संपतात. पण एकेका ‘नाही’च्या मागे हिशेब आहे. सरावातल्या टॅकलचाच घ्या.

प्रत्यक्ष मैदानावर एक प्रयत्न पाच-सहा सेकंदांचा असतो. पूर्ण धडकेचा सराव असेल तर त्यानंतर काय होतं बघा. चार-पाच जणांचा ढीग पडतो. तो सुटायला वेळ लागतो. कुणाचा गुडघा आखडतो, कुणाचं बोट हेल्मेटच्या जाळीत अडकतं, सगळे थांबतात. परत रांगेत येतात ते दम खात. धडक नसलेल्या सरावात बचावाचा खेळाडू पळणाऱ्यासमोर येतो, पाय रोवतो, कंबर खाली घेतो, त्याच्या अंगाला हात लावतो, संपलं. पुढच्या क्षणी सगळे पुन्हा जागेवर. तेवढ्याच वेळात तीच चाल कितीतरी जास्त वेळा होते. नव्वद मिनिटं कमी वाटतात ती ढिगांचा हिशेब न धरल्यामुळे.

आणि टॅकल चुकतं कुठं? जवळून पाहिलं तर चूक बहुतेक वेळा अंगाला अंग लागण्याआधीच झालेली असते. पहिली चूक वाचण्याची: चेंडू कुणाकडे गेला हे उशिरा कळतं, कारण हात दाखवून हूल दिलेली असते. दुसरी कोनाची: पळणारा आत्ता जिथं आहे तिथं धाव घेतली जाते, तो दोन पावलांनी जिथं असेल तिथं घ्यायला हवी. तिसरी पायांची: शेवटच्या दोन यार्डांत बचाव करणारा वेग आवरत नाही, पाय एकमेकांत येतात, आणि समोरच्यानं एक वळण घेतलं की हा हवेत. या तिन्ही चुका कुणालाही न पाडता सुधारता येतात. उलट धडकेच्या सरावात त्या झाकल्या जातात, कारण दांडगा मुलगा चुकीच्या कोनातूनही नुसत्या जोरावर समोरच्याला आडवा करतो आणि त्याची पाठ थोपटली जाते.

चौथी चूक वेगळी आहे, आणि ती जीवघेणी आहे. धडकेच्या क्षणी डोळे मिटून डोकं खाली घालणं. मान सरळ असताना तिला मागं किंचित बाक असतो, त्यामुळे ती थोडा दाब पचवते. डोकं खाली गेलं की तो बाक जातो, मणके एका रेषेत येतात, आणि टाळूवर बसलेला सगळा जोर सरळ मणक्यावर उतरतो. हेल्मेट कितीही चांगलं असलं तरी कवटी वाचते, मान वाचत नाही. १९७६ साली डोक्यानं धडकण्यावर कॉलेज आणि शाळा दोन्ही पातळ्यांवर बंदी आली आणि मान मोडून लुळं होणाऱ्या मुलांची संख्या झपाट्यानं उतरली. ही चूक थकलेल्या मुलाकडून जास्त होते. थकव्यात मान आधी झुकते. मंगळवारी-बुधवारी शंभर धडका खाल्लेलं अंग शनिवारी कसं असेल, हे सांगायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

पाण्याचंही तसंच. हेल्मेटच दोनेक किलोचं, खाली खांद्याचं चिलखत, त्यावर जाड जर्सी. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलं, मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, की उष्माघात. अशा वेळी आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात घालायचं आणि अंगाचं तापमान उतरल्यावर दवाखान्यात न्यायचं, हा क्रम आता मैदानावरच्या सगळ्यांना पाठ असावा लागतो. उलट्या क्रमात गेलेली मिनिटंच जीव घेतात. १ ऑगस्ट २००१ रोजी व्यावसायिक लीगमधला कोरी स्ट्रिंगर असाच गेला, वय २७. तो मिनेसोटा व्हायकिंग्जचा खेळाडू, आणि सराव शिबिर होतं मँकेटोला, म्हणजे कॉलेजव्हिलच्याच राज्यात. ट्रिनिडाडच्या पोरानं सरावात पाणी सुरू केलं त्याला तेव्हा अठ्ठावन्न वर्षं झाली होती. दरम्यान टेक्सासमध्ये १९५४ साली बेअर ब्रायंट यांनी जंक्शन या गावी रणरणत्या उन्हात पाण्याविना दहा दिवस घेतलेलं शिबिर हे कणखरपणाचं उदाहरण म्हणून दोन पिढ्या सांगितलं गेलं. ब्रायंट यांच्या नावावर ३२३ विजय आहेत आणि ते थोर प्रशिक्षक होते यात वाद नाही, पण त्या शिबिराची कौतुकं आजही ऐकली की मला संताप येतो.

संघातून कुणालाच न काढण्याबद्दल कमी लिहिलं जातं. सेंट जॉन्स हे मुलग्यांचं कॉलेज, तेव्हा विद्यार्थी जेमतेम दोन हजार. त्यातले १८०च्या आसपास फुटबॉलच्या संघात! कॉलेजांच्या खेळाचे तिकडे तीन विभाग आहेत; सेंट जॉन्स ज्यात येतं त्या तिसऱ्या विभागातल्या कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, म्हणजे यातलं प्रत्येक पोर आपल्या हौसेनं आणि आईबापांच्या पैशानं तिथं आलेलं. घरच्या सामन्याला सगळेच्या सगळे जर्सी घालून कडेला उभे राहत. मैदानावर एका वेळी अकरा. बाकीच्यांना धरून ठेवायचं कशानं? इथं सगळ्या ‘नाहीं’चा एकत्र उपयोग होतो. दुसऱ्या कॉलेजांत राखीव मुलांचा आठवडा म्हणजे मुख्य संघाचा मार खाणं. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली त्यांनी खेळून दाखवायच्या आणि पहिल्या अकरांनी त्यांना आडवं पाडायचं. इथं त्यांनीही चाली दाखवल्या, पण संध्याकाळी ते अंग धरून झोपले नाहीत. दीड तासानंतर त्यांची संध्याकाळ त्यांची होती. वरच्या विभागांत आठवड्याला २० तासांची मर्यादा घालावी लागली. इथं मैदानावरचे तास त्याच्या निम्म्यावरही जात नव्हते. चौथ्या वर्षीही राखीवच राहिलेला मुलगा सोडून जात नाही, आणि मुलं सोडून जात नाहीत तिथं एखाद्याच्या अंगात तिसऱ्या वर्षी अचानक खेळ उतरला तर तो संघातच असतो.

मात्र ही पद्धत हवेत उभी नव्हती. सेंट जॉन्सला येणारी मुलं मिनेसोटाच्या शाळांत चार-चार वर्षं पूर्ण धडकेचं फुटबॉल खेळून आलेली असायची. टॅकल करताना खांदा कुठं लावायचा, हात कसे आवळायचे, पाय कसे चालू ठेवायचे, हे कुठल्या तरी शाळेतल्या मास्तरांनी आधीच शिकवलेलं असे, आणि त्याची किंमत त्या मुलांच्या गुडघ्यांनी आणि डोक्यांनी शाळेतच मोजलेली असे. गलार्डींना तयार अंगं मिळाली आणि त्यांनी ती मोडू दिली नाहीत. हे त्यांचं श्रेय कमी करत नाही. पण कोऱ्या पोरांच्या संघावर ही यादी जशीच्या तशी लावली तर पहिल्याच सामन्यात कुणाची तरी मान धोक्यात येईल. अशा मुलांना आधी गुडघ्यावर बसून, मग गादीवर, मग चालत्या वेगात टॅकल शिकवावं लागतं. तेवढा भाग गाळता येत नाही.

टॅकलच्या सरावाविना संघ उभा राहतो हे बाकीच्यांना पटायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. डोक्याला वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांनी मेंदू कसा झिजतो हे समोर आल्यावर डार्टमथचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० साली आपल्या संघात सरावातलं पाडणं बंद केलं. त्यांच्याच कॉलेजात पुढं चाकांवर पळणारा, रिमोटवर वळणारा टॅकलचा पुतळा तयार झाला. २०१५ला डार्टमथनं आयव्ही लीगचं, म्हणजे ते ज्या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्याचं, अजिंक्यपद वाटून मिळवलं, आणि २०१६ला त्या लीगच्या सगळ्या प्रशिक्षकांनी एकमतानं हंगामातल्या सरावात पूर्ण धडक बंद केली. गलार्डी तेव्हा निवृत्त होऊन घरी बसले होते.

‘कोच म्हणायचं नाही’ या नियमाबद्दल मराठी वाचकाला थोडं उकलून सांगायला हवं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. मग आदर ठेवायचा कुठं? तो हाकेत ठेवतात. अमेरिकी मैदानावर ‘कोच’ ही हाक म्हणजे आपल्याकडचं ‘सर’, तालमीतलं ‘वस्ताद’. नाव घेतलं जात नाही. शाळा सोडून तीस वर्षं झालेला माणूसही रस्त्यात भेटला तर कोचच म्हणतो. अशा ठिकाणी अठरा वर्षांच्या मुलानं ऐंशीच्या माणसाला ‘जॉन’ म्हणायचं, म्हणजे काय ते आपल्या कानाला बरोबर कळेल. हा लेख लिहितानाही हाताला ‘ते’ आणि ‘त्यांनी’ आपसूक येतंय. माझा अंदाज असा की याचंही मूळ ट्रिनिडाडलाच आहे. वर्गमित्र सोळा वर्षांच्या जॉनला कोच कसे म्हणणार? पण पुढं त्याचा उपयोग मैदानावर झाला. शिट्टी नाही आणि पदवी नाही, तर मुलांनी ऐकायचं ते सांगितलेल्या गोष्टीत दम आहे म्हणून. चाल चुकली तर ती पुन्हा करायची, शिक्षा म्हणून फेरी नाही. हंगामाच्या सुरुवातीला इतर संघ घाम गाळत असताना त्यांच्या मुलांना एक खास कवायत असे: गवतावर उताणं पडायचं, आकाशाकडे बघायचं आणि शेजाऱ्याला सांगायचं की आज दिवस किती छान आहे.

८ नोव्हेंबर २००३ रोजी गलार्डींनी ग्रॅम्बलिंग विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मोडला, बेथेलच्या संघाविरुद्ध २९-२६. तेरा हजारांहून जास्त लोक त्या झाडीतल्या मैदानात जमले होते. पण मला त्याच हंगामाचा शेवट जास्त मोलाचा वाटतो. २० डिसेंबर, व्हर्जिनियातलं सेलम गाव, हंगामातला चौदावा सामना, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा. समोर ओहायोचं माउंट युनियन, सलग ५५ सामने न हरलेलं. सेंट जॉन्स पुढं होतं, पण माउंट युनियन गोलरेषेपर्यंत येऊन ठेपलं होतं. त्यांनी फेकलेला चेंडू सेंट जॉन्सच्या बचावातल्या एकानं गोलरेषेवर मध्येच पकडला आणि तो पळत सुटला. शंभर यार्ड, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणाच्या हाती लागला नाही. २४-६. डिसेंबर अर्धा उलटून गेल्यावर, चौदाव्या सामन्यात, त्याच्या पायात तेवढं पळणं शिल्लक होतं.

शेवटची वर्षं तशी नव्हती. आसपासच्या कॉलेजांनी खेळाडू हेरायला आणि प्रशिक्षकांची फौज ठेवायला सुरुवात केली होती, परिषदेतलं वर्चस्व निसटत चाललं होतं. २०१२च्या हंगामात पाच विजय, पाच पराभव. त्या नोव्हेंबरात त्यांनी काम सोडलं, वय ८६. त्यांचेच सहायक गॅरी फॅशिंग यांच्याकडे संघ गेला. ७ ऑक्टोबर २०१८ला गलार्डी वारले. तिसऱ्या विभागातल्या सर्वोत्तम खेळाडूला १९९३पासून दिल्या जाणाऱ्या पारितोषिकावर त्यांचं आडनाव आहे. संघातल्या मुलांनी ते आडनाव क्वचितच वापरलं असेल. त्यांच्यासाठी ते शेवटच्या सामन्याच्या दिवशीही जॉनच होते.